नांगराला किती दोर सोडायचा

लग्नाला दुसरं वर्ष लागलं तेव्हा यांनी आमच्या मागच्या पडवीत होडी बांधायला घेतली. आमचं गाव खालापूरच्या आतल्या अंगाला, सगळं भातशेतीचं. समुद्र बघायचा तर दोन एसट्या बदलाव्या लागत. मी कर्जतची, नदीत पोहायला शिकलेले, पण होडीत कधी पाय ठेवलेला नव्हता. हे साजगावच्या एका कारखान्यात फिटर होते. त्याआधी मुंबईला गोदीत उमेदवारी करताना रविवारी हे तिथल्या शिडाच्या होड्या घासायला आणि रंगवायला जायचे, आणि एखादा हौशी मालक कधीमधी यांना बरोबर घेऊन वाऱ्यावर फिरवून आणायचा. त्या चार-दोन फेऱ्या यांच्या डोक्यातून गेल्याच नाहीत. गावाच्या वरच्या बाजूला धरण झालं होतं आणि दिवाळीपर्यंत ते काठोकाठ भरलेलं असायचं. एवढं पाणी आणि त्यावर एक शीड नाही, हे यांना बघवत नव्हतं.

कारखान्यात परदेशातून यंत्रं यायची ती प्लायवूडच्या भल्यामोठ्या खोक्यांतून. रिकामी खोकी कामगार जळणाला नेत. यांनी ती होडीला आणली. फळ्यांवर काळ्या शाईत बाण आणि छत्रीचं चित्र छापलेलं होतं. ते पुसलं गेलं नाही, त्यामुळे आमची होडी शेवटपर्यंत 'ही बाजू वर' असं सांगत फिरली. शीड मी शिवलं. जाड मांजरपाट, दुहेरी शिवण, आणि माझं माहेरून आणलेलं शिवणयंत्र. सुया मोडत होत्या, पाय दुखत होते, आणि तरी ते पांढरं कापड पडवीभर पसरलं की मला भलतंच उमेदीचं वाटायचं. हे बाजूला कानस चालवत असायचे. आम्ही दोघं नवीन होतो, आणि एकत्र करायला एवढं मोठं काहीतरी मिळालं होतं.

सासूबाई या सगळ्यापासून लांब असायच्या. पडवी गवताच्या भाऱ्यांसाठी असते एवढं एकदा बोलून दाखवलं, मग काही नाही. धरणात आमची सगळ्यात चांगली जमीन गेली होती, खालच्या अंगाचं एक लांबलचक खाचर. सासरे आणि सासूबाई मिळून ते कसायचे. पाणी चढायच्या आधीच्या वर्षी सासरे वारले. त्यानंतर सासूबाई धरणाच्या बाजूला फिरकल्या नव्हत्या. गाईला चरायला सोडायच्या त्यासुद्धा दुसऱ्या वाटेने.

दसऱ्यानंतरच्या एका सकाळी बैलगाडीवर घालून आम्ही होडी धरणावर नेली. अर्धं गाव मागे होतं. हे आधी एकटेच चक्कर मारून आले आणि मग मला हात देऊन आत घेतलं. शीड भरलं तेव्हा होडी एका कुशीवर कलली आणि पुढच्या क्षणी आम्ही पळत होतो. ना इंजिन, ना वल्हं. प्लायवूडला घासून जाणाऱ्या पाण्याचा फक्त फसफस असा आवाज. एका बाजूला घाटाची भिंत, दुसरीकडे लांब माथेरानचा डोंगर, आणि मध्ये आम्ही. मी हसत सुटले. हे सुकाणूवर बसून मला शिडाची दोरी ओढ, सोड, ओढ असं सांगत होते आणि त्यांचाही चेहरा पोरासारखा झाला होता.

मध्यावर थांबून डबा खायचा असं आमचं ठरलं होतं. त्यासाठी यांनी नांगर बनवला होता. जाड सळई, तिला खाली दोन बाक दिलेली पाती आणि वर कडी, सगळं कारखान्यातल्या भंगारातून जोडलेलं. गोदीतल्या त्या होड्या पाण्यात तरंगणाऱ्या पिंपांना बांधलेल्या असत, त्यामुळे नांगर यांनी पाहिला होता पण कधी टाकला नव्हता. आम्ही दगड बांधलेली सुतळी सोडून पाणी मोजलं. विहिरीचं पाणी आमच्याकडे परसात मोजतात, माणूसभर उंची म्हणजे एक परस. तिथे तीन परस पाणी निघालं. यांनी नांगर सोडला, तो तळाला टेकला, दोर ताणून घेतला आणि पुढच्या टोकाच्या खुंट्याला घट्ट बांधून टाकला. शीड उतरवलं. होडी थांबली. मला ते फार हुशारीचं वाटलं.

भाकरीचा पहिला घास घेतला आणि मला काठावरची पंपाची खोली दिसली. मघाशी ती माझ्या डाव्या खांद्यापाशी होती, आता समोर आली होती. खोली तर हलणार नाही. मी यांना दाखवलं. यांनी वळून बघितलं, आणि तेवढ्यात घाटाकडून वाऱ्याचा एक जोराचा झोत आला. होडीचं टोक उचललं गेलं, खाली नांगराने टणकन उडी मारल्यासारखं दोरातून हाताला जाणवलं, आणि आम्ही मागे मागे जायला लागलो. मागे धरणाची भिंत होती. तिच्या एका टोकाला सांडवा, आणि त्यावरून पाणी अजून वाहत होतं.

शीड पायात गुंडाळलेलं, ते वर चढवायला वेळ नव्हता. हे वल्हं मारायला लागले. मी दुसऱ्या बाजूने ताटलीने पाणी ओढत होते, त्याचा काही उपयोग नव्हता पण हात थांबत नव्हते. सांडव्याचा आवाज मोठा होत चालला. यांनी जीव खाऊन होडी भिंतीच्या दगडांकडे वळवली. दगड जवळ आले तशी मी उडी टाकली. पाणी कमरेला लागलं. पाय कपारीत रोवून मी होडीला पाठ लावली आणि ती तिथेच दाबून धरली. मागच्या कोपऱ्यातली फळी तडकल्याचा आवाज आला, तेवढंच नुकसान. हे खाली उतरले, दोर ओढायला लागले, आणि नांगर स्वच्छ धुतलेला वर आला. पात्यांना मातीचा कण नव्हता.

आम्ही दोघं ओलेचिंब त्या दगडांवर बसलो. आणि खरं सांगते, मला त्याच दिवशी परत पाण्यावर जायचं होतं.

घरी यांनी ठरवलं की नांगर हलका पडला, आणखी लोखंड जोडायचं. मला ते पटेना. होडी मागे सरकत होती तेव्हा दोर माझ्या हाताखाली होता, आणि तो विहिरीत सोडलेल्या दोरासारखा सरळ उभा होता. प्रत्येक लाटेबरोबर होडी वर जायची आणि नांगराला उचलून घ्यायची. कितीही जड केला तरी उभ्या दोराने तो उचललाच जाणार, असं मला वाटत होतं. पण तोंडाने समजावता येईना. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हे कामावरून आले तेव्हा मी नांगर परसदारी भाजीच्या वाफ्यात टाकला होता. माती अजून ओली होती. आधी नांगराच्या अगदी जवळ उभी राहून मी दोर ओढला. नांगर बेडकासारखा उड्या मारत आला. मग तोच दोर लांब सोडून मी पार गोठ्यापाशी गेले, खाली वाकले आणि जमिनीलगत ओढला. पाती मातीत शिरली. आणखी ओढलं तशी आणखी खोल शिरली. यांना म्हटलं, आता तुम्ही ओढा. यांनी ओढला, मग दोन्ही पाय टेकवून ओढला. नांगर तसूभर हलला नाही, वाफ्यातली माती मात्र फुगून वर आली.

सासूबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. त्यांचं सूप थांबलं.

"त्याला काय म्हंता तुमी?" त्यांनी विचारलं.

"नांगर," मी म्हटलं.

"मग नांगरावानीच वागंल त्यो. बैलं जवळ जुंपली की फाळ वर निघतो. लांब जुंप, खाली जातो."

इतकी वर्षं भात नांगरणाऱ्या घरातला मुलगा आणि शेतकऱ्याचीच लेक मी, आम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसायला लागलो. शब्द तोच होता, पण एक लोखंडाचा आणि एक लाकडाचा म्हणून आम्ही दोन वेगळ्या कप्प्यांत ठेवले होते. सासूबाईही हसल्या. त्या संध्याकाळी आमचा वाफा पार नांगरून निघाला. शेजारचे दोघं-तिघं येऊन ओढून गेले. प्रत्येकाला वाटायचं आपण उपटू.

आता प्रश्न उरला तो किती लांब, एवढाच. हे कुंभिवलीला हायवेवर गेले. ट्रकवाल्यांना दोर आणि ताडपत्री विकणारी दुकानं होती तिथे. तिथून नायलॉनच्या दोराचं अख्खं वेटोळं घेऊन आले. नांगराच्या कडीला आधी साखळीचा एक तुकडा जोडला, म्हणजे तिच्या वजनाने दोराचं खालचं टोक तळाला लोळत राहील. मी जुन्या लुगड्याच्या चिंध्या फाडून दोराला परसा-परसावर बांधल्या, लाल आणि पांढरी आलटून पालटून. मग आम्ही धरणाच्या उथळ बाजूला जाऊन वेगवेगळी लांबी सोडून बघायला लागलो.

पाण्याच्या खोलीच्या तिप्पट दोर सोडला तर वारा नसताना होडी ठीक राहायची, पण झोत आला की नांगर घसरायचा. पाचपट सोडला की साधारण वाऱ्याला धरून ठेवायचा. सातपट सोडला आणि आम्ही मुद्दाम शीड अर्धं चढवून होडीला झटके दिले, तरी तो जागचा हलला नाही. त्यात आणखी एक गोष्ट कळली. नांगर टाकून लगेच दोर बांधायचा नाही. होडी वाऱ्याने मागे जात असताना दोर हातातून थोडा थोडा सोडायचा, मग अडकवायचा, म्हणजे होडीच्याच ओढीने पाती मातीत शिरतात. आणि मग काठावरच्या दोन खुणा बघून ठेवायच्या, एक जवळची आणि तिच्या मागची एक लांबची. त्या एकमेकींवरून सरकल्या नाहीत तर आपण थांबलो. हे सगळं आम्हाला कुणी शिकवलं नाही. प्रत्येक रविवारी भिजून घरी यायचो आणि जेवताना हात हवेत तिरके धरून दोर कुठल्या कोनात होता यावर वाद घालायचो.

अशाच एका जेवणात सासूबाई एकदम म्हणाल्या, "मला न्याल काय रं?"

हे घास हातात धरून बसले. कुठे न्यायचं, असं त्यांनी विचारलं.

"आपल्या खाचरावर."

पुढच्या रविवारी त्या आल्या. नऊवारीचा काष्टा घट्ट मारलेला, डोक्यावरून पदर, हातात भाकरीचं फडकं. होडीत बसताना एकदाच यांचा खांदा धरला. शीड भरलं, होडी कलली, तेव्हा मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी दोन्ही हातांनी काठ धरला होता आणि नजर पुढे होती. पाण्यावर सगळं सारखंच दिसत होतं, पण त्यांना नव्हतं. घाटातला एक सुळका आणि अलीकडच्या टेकडीवरचा आंबा एका रेषेत आणायला त्यांनी सांगितलं. वर्षानुवर्षं लावणी करताना कंबर सरळ करायला उभं राहिलं की समोर तेच दिसायचं, म्हणाल्या. हे तसे वळले. एका ठिकाणी हे म्हणाले, इथेच असेल. मी नांगर सोडला. खाली खरखर झाली आणि दोर हातात थरथरला.

"ह्यो कातळ हाय," सासूबाई म्हणाल्या. "आपलं नाय ते. आणि पुढं चल."

आम्ही नांगर वर घेतला आणि आणखी पुढे गेलो. सुतळी सोडली, पुन्हा तीनच परस पाणी. या वेळी नांगर टेकल्याचा आवाजच आला नाही, नुसता मऊ धक्का बसला. होडी मागे जायला लागली तसा मी दोर सोडत गेले. लाल, पांढरी, लाल. पंधरा चिंध्या गेल्यावर मी खुंट्याला दोन वेढे दिले. दोर ताणला, होडीने मान वळवून वाऱ्याकडे तोंड केलं आणि थांबली. सुळका आणि आंबा जागेवर होते.

सासूबाईंनी काठावरून वाकून पाणी बघितलं. हिरवट, गढूळ, हातभर खाली काहीही दिसत नव्हतं. तरी त्या बराच वेळ बघत होत्या. मग त्यांनी बोलायला सुरुवात केली. बांध कुठून कुठपर्यंत होता, पाणी कुठून घ्यायचे, कुठल्या कोपऱ्यात खेकडे बीळ करायचे, सासऱ्यांनी एकदा लावणी अर्धी टाकून खेकड्यामागे कसा दुपारपर्यंत वेळ घालवला होता. हे ऐकतच राहिले. त्यांनाही यातलं निम्मं माहीत नव्हतं. मी आठ महिन्यांच्या मेहनतीची होडी विसरले आणि डोळ्यांसमोर भाताचं खाचर बघायला लागले.

मग वारा वाढला. घाटाकडून पाण्यावर काळसर पट्टा सरकत येताना दिसला आणि तो आमच्यावर आला तशी होडी उसळायला लागली. दोराला झटके बसत होते. मी पुढच्या टोकाला पालथी पडून दोरावर हात ठेवला. नांगर अजून धरून होता, पण प्रत्येक झटक्याला दोर ताठ होऊन पाण्याबाहेर येत होता. आणखी सोडायला हवा होता. अडचण एकच होती. आमच्या मागे पाण्यातून एका वाळलेल्या झाडाचा बुंधा वर आलेला होता, फांद्या मोडून भाल्यासारख्या झालेल्या. दोर सोडला की आम्ही त्याच्याकडे सरकणार. यांचं म्हणणं होतं की नांगर उचलून निघू. मला भीती होती की उचलायला दोर उभा केला आणि शीड भरायच्या आत झोत आला तर थेट त्या फांद्यांवर जाऊ. आम्ही दोघं वाऱ्यावरून एकमेकांशी ओरडून बोलत होतो.

सासूबाईंनी मागे वळून त्या बुंध्याकडे बघितलं.

"ते ऐनाचं झाड हाय, पल्याडच्या बांधावरचं. अजून किती सोडायचा तुमाला?"

मी सांगितलं, सहा-सात परस.

त्यांनी पुढे नांगर होता त्या जागेकडे बघितलं, मागे झाडाकडे बघितलं. ओठ हलत होते. त्या खाचराची लांबी त्यांच्या पायांना माहीत होती.

"सोड," त्या म्हणाल्या. "जागा ऱ्हातीय मधी."

मी यांच्याकडे बघितलं. यांनी मान हलवली आणि वल्हं उचलून मागच्या टोकाला उभे राहिले, झाड आलंच तर ढकलायला. मी वेढे सैल केले. दोर हातातून निघाला, तळहात पोळला. लाल. पांढरी. लाल. झाड मोठं होत आलं. त्याच्या सालीवरचे पक्ष्यांच्या पांढऱ्या विष्ठेचे ओघळ मला दिसायला लागले. एकविसावी चिंधी गेली आणि मी सगळं अंग टाकून वेढे आवळले. दोर ताणत गेला, ताणत गेला, आणि होडी थांबली. यांच्या वल्ह्याचं टोक त्या फांदीला लागत होतं, इतकी जवळ. पण तिथून ती मागे गेली नाही. पुढचा झोत आला, त्याच्या पुढचा आला, होडी डावीउजवीकडे झुलली, आणि दोर आता इतका पसरट होता की झटका हाताला पोचायच्या आतच पाण्यात विरून जात होता.

मला गाणं म्हणावंसं वाटत होतं. हे वल्हं छातीशी धरून उभे होते आणि ते खाली ठेवायचं त्यांना सुचत नव्हतं. सासूबाईंनी फडकं सोडलं, तांदळाची भाकरी, सुक्या जवळ्याची चटणी आणि कांदा, आणि आम्हाला बसायला सांगितलं. त्या उसळत्या होडीत आम्ही तिघं जेवलो. भाकरीवर पाणी उडत होतं. कांदा फोडून त्यांनी यांच्या हातात दिला, तो शेतावर दिल्यासारखाच.

वारा पडायला दुपार कलली. मग दोर ओढत आम्ही होडी नांगराच्या डोक्यावर नेली. दोर उभा झाला तसा तो सुटेल असं वाटलं होतं, पण तो इतका खोल गेला होता की हे आणि मी दोघांनी मिळून हिसडे दिले तेव्हा कुठे निघाला. वर आला तो काळ्या, चिकट मातीने लडबडलेला. सासूबाईंनी हात घालून एक गोळा काढला, बोटांनी चोळला, वास घेतला.

"कसदार झालीय," त्या म्हणाल्या, आणि लगेच नांगर धुवून घ्यायला लावला, कारण माझं लुगडं खराब होत होतं.

परतताना त्यांनी यांना सरकायला सांगितलं आणि सुकाणूचा दांडा स्वतः धरला. कुठे ढकललं की होडी कुठे जाते हे त्यांना दोन वळणांत कळलं. किनाऱ्यावर बैलगाडी वाट बघत होती. आम्ही तिच्या समोर आलो, तशी मी शिडाची दोरी सोडायच्या तयारीत उठले. पण सासूबाईंनी दांडा वळवलाच नाही. पदर खांद्यावर घसरला होता, केस सुटून तोंडावर येत होते, आणि गाडीवाला हात हलवत मागे राहिला. हे काही बोलायला गेले, तर त्यांनी डोळ्यांनीच यांना गप्प केलं.

"ओढ गं दोरी," त्या मला म्हणाल्या. मी ओढली.